बाजारी आवाज

आजारी माणसाला भेटायला येणारा प्रत्येक जण जाता जाता सांगतो, धीर धरा. मला त्याचा तेव्हाही राग यायचा, आजही येतो. धीर काय खुंटीवरचा सदरा आहे, हात लांबवला की अंगात घालता येईल? माझ्या दुकानात तो माल नव्हता. मला जो थोडाफार मिळाला तो दुसऱ्यांकडचा मिळाला. त्यातल्या एकाशी माझं तेव्हा पटत नव्हतं आणि आजही पटत नाही.

ज्यांच्या गळ्याला डॉक्टरांनी नुकतंच हात लावून बघितलंय आणि जे बाहेरच्या बाकावर गप्प बसलेत, त्यांच्यासाठी मी हे लिहितोय. सगळं चांगलं होतं असं मी सांगणार नाही. जे झालं ते सांगतो.

माझा धंदा

नाशकात द्वारका चौकाच्या पुढे माझी वखार आहे. जुनी घरं पाडली जातात, त्यांचे दरवाजे, खिडक्या, वासे, कौलं, पत्रे मी घेतो आणि विकतो. वडील सटाण्याकडून नाशकात मजुरीला आले. मी हातगाडी ओढत गल्लोगल्ली भंगार गोळा केलं, मग वखार केली, मग इंदिरानगरात घर. कुणी बोट धरून चालवलं नाही. माझं भांडवल म्हणजे माझा आवाज. विकणाऱ्याला आपलं सागवान सरपण वाटलं पाहिजे आणि घेणाऱ्याला तेच सरपण सागवान वाटलं पाहिजे. मधलं सगळं काम आवाज करतो.

आमच्या चर्चमध्ये दरवर्षी हंगामाचा सण होतो. लोक आपल्या शेतातलं, परसातलं पहिलं फळ देवापुढे आणतात. कुणी गव्हाची पिशवी, कुणी द्राक्षांचा घड, कुणी कोंबडी, कुणी अंड्यांची टोपली. उपासना झाली की अंगणात त्या सगळ्याचा लिलाव होतो. तो लिलाव मी पुकारायचो. सुमन, माझी बायको, त्या दिवशी मागच्या रांगेत बसायची, कारण पुढे बसलं की तिचे कान दुखायचे. एकदा एका म्हातारीचा डांगर भोपळा कुणी घेईना. मी समोरच्या बंगलेवाल्याला नाव घेऊन म्हणालो, "साहेब, गाडीला एवढं तेल पाजता, भोपळ्याला घाबरता होय?" अंगण हसलं. भोपळा चढत चढत कुठल्या कुठे गेला. म्हातारी डोळे पुसत होती. बंगलेवाले मात्र रागावले.

पुढच्या सभेत गायकवाड सर उभे राहिले. निवृत्त शिक्षक, मंडळीचे म्हणजे आमच्या चर्चचे सेक्रेटरी, इस्त्रीचा पांढरा शर्ट. म्हणाले, "लिलाव यंदापासून दुसऱ्या कुणी करावा. देवाच्या अंगणात बाजारी आवाज नको."

बाजारी आवाज. भरल्या सभेत. एकही माणूस बोलला नाही. त्यांच्यातल्या निम्म्यांच्या घराला मी दारं दिली होती. मी उठलो, चपला घातल्या आणि निघून आलो. त्यानंतर सुमन एकटी चर्चला जायची आणि मी रविवारी वखारीत बसून लोखंड मोजायचो.

निदानाचा दिवस

आवाज बसला तेव्हा मला वाटलं, धूळ. जुन्या घरांची धूळ गळ्यात बसतेच. मग मिठाच्या गुळण्या, ज्येष्ठमध, हळदीचं दूध. वखारीत गिऱ्हाईक म्हणायचं, "काय साळवे, आज भाव हळूच सांगताय? कमी केले वाटतं." मी हसायचो आणि खोकायचो. हे अंगावर काढण्यात महिने घालवले. तुम्ही घालवू नका.

तपासणी झाली, गळ्यातला तुकडा काढून पाठवला. मग एके दिवशी तरुण डॉक्टरीणबाईंनी आम्हा दोघांना समोर बसवलं. म्हणाल्या, गाठ स्वरयंत्रात आहे, पसरलेली आहे. पूर्ण स्वरयंत्र काढावं लागेल. श्वास मानेला केलेल्या छिद्रातून घ्यावा लागेल. बोलणं आता होतं तसं राहणार नाही.

मी काय केलं असेल? मी भाव केला.

"अर्धं ठेवा," म्हणालो.

"काका, अर्धं ठेवण्यासारखं राहिलेलं नाही."

"नुसते किरणांचे शेक देऊन बघू."

"तुमच्या बाबतीत नुसत्या शेकांवर मी भरवसा ठेवणार नाही."

"मग थोडं थांबून करू. हंगाम संपू दे."

"थांबलात तर श्वास बंद होईल," त्या म्हणाल्या. आवाज अजिबात न चढवता. आयुष्यात पहिल्यांदा समोरच्या माणसानं एक पैसाही सोडला नाही आणि मला ओरडायला गळा नव्हता.

मी सही न करता उठलो. जिन्यात सुमननं विचारलं, "आता?"

"आता काही नाही. मुका होऊन जगण्यापेक्षा बोलत मरेन."

खोटं कशाला सांगू, त्या जिन्यात मला पहिल्यांदा आठवले ते देव नव्हे, गायकवाड सर. मनात म्हणालो, घ्या. नको होता ना आवाज? झालं तुमच्या मनासारखं.

घरी

त्यानंतरचे दिवस फार वाईट गेले. मुलगा वखार बघत होता. त्यानं एक कोरीव चौकट मातीमोलानं विकली असं कळलं तेव्हा मी ताट भिरकावलं. ओरडता आलं असतं तर ताट वाचलं असतं. सुमन भात गोळा करत होती. मी घोगऱ्या आवाजात परत तेच म्हणालो, आवाजाशिवाय माणूस कसा जगेल?

ती खाली बसल्या बसल्या म्हणाली, "मी कशी जगले? या घरात एवढी वर्षं आवाज तुमचाच होता ना?"

मग भात उचलून ओट्याकडे गेली.  

काही दिवसांनी दुपारी जेवताना श्वास अडकला. छाती भात्यासारखी हलत होती, पण आत हवा जात नव्हती. रिक्षातच मला वाटलं, संपलं. हॉस्पिटलात दाखल केलं आणि तात्पुरता श्वास मोकळा झाला. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "काका, आता तुमच्या हातात विचार करायला थोडेच दिवस आहेत." मी भिंतीकडे तोंड केलं.

शेजारची खाट

वॉर्डात दिवस सगळे सारखे. सकाळी फरशी पुसल्याचा फिनेलचा वास, मग चहा, मग सुया, मग राउंड, मग नातेवाइकांच्या डब्यांचा वास. कुणी तरी कायम खोकत असतं. कुणाची तरी खाट सकाळी रिकामी दिसते आणि कुणी विचारत नाही.

माझ्या शेजारी सुरगाण्याकडचा सोमनाथ गावित होता. माझ्याच वयाचा, वाळलेला, मानेत छिद्र, त्याच्यावर ओलं फडकं. त्याचं स्वरयंत्र आधीच काढलेलं होतं. आता मानेत पुन्हा गाठ आली म्हणून आणला होता. मी त्याच्याकडे बघायचं टाळायचो. कोण आपलाच उद्याचा फोटो बघेल?

त्याची बायको जाईबाई खाटेखाली चटई टाकून राहायची. संध्याकाळी डबा उघडण्याआधी सोमनाथ उठून बसायचा, डोळे मिटायचा आणि ओठ हलवायचा. आवाज काहीच नाही, फक्त छिद्रातून हवेची फुसफुस. जाईबाई त्याच्या ओठांकडे बघत राहायची. मग ती मोठ्यानं प्रार्थना करायची. त्याचे ओठ थांबले की थांबायची. शेवटी तो खाटेच्या लोखंडी दांड्यावर बोटांनी ठेका धरायचा आणि ती त्यांच्या गावाकडचं एखादं भजन म्हणायची. ठेका सुरू झाल्याशिवाय ती कधीही सुरुवात करायची नाही.

सुमन त्यांच्यात जाऊन बसू लागली. मला चीड यायची. एका संध्याकाळी मी जाईबाईला कुजबुजतच म्हणालो, "काय गं बाई, त्याला आवाज नाही तर तूच म्हणून मोकळी हो ना. त्याचे ओठ कशाला बघत बसतेस?"

ती चकित झाली. "मंग कोणाची प्रार्थना हुईल ती? प्रार्थना त्यांची हाय, साहेब. मी नुसता आवाज लावते."

"आणि देव ऐकतो? पुन्हा गाठ आली ना?"

हे मी बोलायला नको होतं, पण बोललो. सोमनाथ माझ्याकडे बघत होता. त्याचे ओठ हलले. जाईबाईनं वाचलं आणि सांगितलं, "ते म्हंत्यात, गाठीचं मला नाय ठाव. पण भजन सुटलं नाय."

गावाकडे तोच डफ घेऊन भजन पुढे म्हणायचा, बाकीचे मागून. ती पुढे म्हणाली, "लोकास्नी वाटलं, आता दुसरा कोणी पुढं बसंल. पर ते अजून पुढंच बसत्यात. डफ वाजवत्यात, तोंड उघडत्यात. मागनं आम्ही सगळे म्हंतो. लय हसले पहिल्यांदा. आता कोणी हसत नाय."

सोमनाथनं मध्येच काही तरी केलं आणि जाईबाई पदर तोंडाला लावून हसू लागली.

"काय म्हणतो?"

"म्हंत्यात, आधी मी लय बेसूर होतो. आता चूक निघत नाय."

त्या वॉर्डात मी पहिल्यांदा हसलो. हसताना कळ आली.

चार जण

मग एका संध्याकाळी भेटायच्या वेळेत चर्चचे पाळकसाहेब आले, मंडळीतले दोघं आले आणि त्यांच्या मागे पांढरा शर्ट. गायकवाड सर. हातात मोसंबी. मी सुमनकडे बघितलं. ती म्हणाली, "मी बोलावलं नाही. आणि हाकलणारही नाही."

"सलाम, साळवे," सर म्हणाले.

 मला राहवलं नाही. "आधी म्हणा, चुकलो. मग बसा."

पाळकसाहेब खाली बघू लागले. सर खाटेच्या पायथ्याशी उभेच राहिले. म्हणाले, "नाही म्हणणार. मी तेव्हा बोललो ते मला अजून पटतं. पण मी त्यासाठी आलो नाही."

"मग कशासाठी आलात? ऐकायला, कसा गेला बाजारी आवाज?"

सरांचा चेहरा पडला. बाकीचे दोघं चुळबुळ करू लागले. पाळकसाहेब प्रार्थनेला सुरुवात करणार, तेवढ्यात सरच बोलू लागले. डोळे न मिटता, माझ्याकडे बघत. ते जे बोलले ते मला जसं आठवतं तसं लिहितो.

"प्रभू, या माणसाचं आणि माझं जमत नाही. हा मला माफ करेल असं वाटत नाही, आणि मीही ताठच आहे. पण तू याला नेऊ नकोस. याच्यात आता विश्वास उरला नसेल तर माझ्यातला याच्या नावावर धर. आमेन."

एवढंच. मग मोसंबी कपाटावर ठेवली आणि गेले. त्या माणसाच्या गळ्यात आयुष्यभर व्याख्यानं होती, आणि प्रार्थना केली एवढीशी. मला तो बनाव वाटला असता, पण जाताना त्यांना दाराची कडी सापडेना. दोनदा चुकीच्या बाजूला हात गेला.

मला बायबलातली एक जुनी गोष्ट आठवत राहिली. पक्षाघात झालेल्या माणसाला चौघं खाटेवरून आणतात, गर्दीमुळे आत जाता येत नाही, म्हणून घराचं छप्पर उसकटून त्याला येशूपुढे खाली सोडतात. रविवारच्या शाळेपासून ऐकलेली. मोठा झाल्यावर पाळकसाहेबांना मी दर वेळी एकच प्रश्न विचारायचो, "त्या घरमालकाच्या छपराचं काय झालं? सामान कुणी नेलं?" माझा धंदाच तो. सगळे हसायचे.

त्या संध्याकाळी मात्र छप्पर आठवलं नाही. आठवलं ते हे, की खाटेवरचा माणूस बरा होईपर्यंत एक शब्द बोलत नाही. काही मागत नाही, भाव करत नाही. येशू बघतो तो त्या चौघांचा विश्वास. खाटेवरच्यात किती होता हे कुणी विचारलेलंच नाही. आणि चौघांचं आपापसात पटत होतं की नव्हतं, तेही कुणी लिहून ठेवलेलं नाही.

सोमनाथचा ठेका सुरू झाला होता. मी सुमनला खूण केली. ती जवळ आली. मी तोंड उघडलं, ओठ हलवले, घोगरा आवाजही लावला नाही. मला बघायचं होतं, तिला वाचता येतं का. ती माझ्या ओठांकडे बघत राहिली, गोंधळली, मग रडू लागली. पण म्हणाली. माझी प्रार्थना तिनं मोठ्यानं म्हटली. चार शब्द चुकवले. मी सुधारले नाहीत.

सकाळी मी सही केली.

नंतर

शस्त्रक्रियेनंतरचं गोड करून सांगत नाही. जाग आली तेव्हा हाक मारायला गेलो आणि काहीच झालं नाही. ती भीती सांगायला मला शब्द नाहीत. आपण आपल्याच घराचं दार आतून ठोठावतोय आणि बाहेर कुणी नाही, असं काहीसं. नाकातून नळी. शिंक आली तरी मानेतून. आंघोळ करताना छिद्रावर हात, नाही तर पाणी फुफ्फुसात. आजही गरम चहावर फुंकर घालता येत नाही. बशीत ओतून वाट बघतो. जेवणाचा वास येत नाही, आणि वास नसला की कांदा काय नि सफरचंद काय. गळ्याला लावून बोलायचं यंत्र मिळालं, पण त्यातून निघतो तो आवाज पत्र्याच्या डब्यातल्या माशीचा. वखारीत लावलं तर गिऱ्हाईक दचकतं. मी ते खणात टाकून दिलंय.

बरं काय होतं? जाईबाईनं दिलेलं नागलीचं, म्हणजे नाचणीचं पीठ. सुमन त्याची पातळ आंबील करून नळीतून द्यायची. चव कळायची नाही, पण पोटात ऊब कळायची. आणि शेजारून सोमनाथ दांड्यावर टकटक करायचा. मी माझ्या दांड्यावर उत्तर द्यायचो. आमचं सगळं बोलणं ते.

उन्हाळ्यात तो घरी गेला. डॉक्टरांनी पुढचं काही सांगितलं नाही, त्यावरूनच कळलं. पावसाळ्यात नागलीची लावणी त्यानं बांधावर बसून करवून घेतली. कापणीआधी गेला. जाईबाईचा सुमनला फोन आला. मी फोन कानाला धरून बसलो. पलीकडून ती बोलत होती आणि इकडून देण्यासारखं माझ्याकडे काहीच नव्हतं. शेवटी मी फोनवर बोटानं ठेका धरला.  ती रडली. मला वाटतं, समजली.

मी देवाला त्या दिवशी खूप वाईट बोललो. ओठांनीच. सुमननं ते मात्र मोठ्यानं म्हटलं नाही.

हंगामाचा सण

यंदा मी सणाला गेलो. गळ्याला मफलर. मागच्या रांगेत, सुमनच्या शेजारी. लिलाव एक तरुण पुकारत होता, बँकेत वस्तूचा तपशील वाचावा तसा. तेवढ्यात फाटकातून जाईबाई आली. एसटीनं, एकटी, डोक्यावर नागलीचं पोतं. आपल्या गावची मंडळी सोडून ती आमच्या चर्चला आली होती, कारण सोमनाथनं सांगून ठेवलं होतं, पहिली नागली शेजारच्या खाटेवाल्याच्या मंडळीत द्यायची.

पोतं टेबलावर चढलं. तरुणानं पुकारा केला. एक बोली आली, मग दुसरी, आणि थांबली. शहरात नागली कोण खातं? "एक वार," तो म्हणाला.

मी उठलो. पुढे गेलो. टेबलाजवळ उभा राहिलो आणि तोंड उघडलं.  कुणी तरी कुणाला तरी खुणावलं. मी मागे बघितलं. सुमन जागेवरून उठून चालत येत होती, लग्नात आली होती तशी, मान खाली घालून. माझ्या बाजूला उभी राहिली आणि माझ्या ओठांकडे बघू लागली.

"एवढ्याशात?" ती म्हणाली. आवाज कापत होता. "डोंगर उतरून... डोंगर उतरून आलीय ही नागली. ज्यानं लावली त्यानं खाल्ली नाही. आणि तुम्हाला बासमती पाहिजे?"

अंगणात कुणी हसलं नाही. पहिल्या रांगेत पांढऱ्या शर्टाचा हात वर गेला. गायकवाड सर. त्यांनी बोली वाढवली, चांगली वाढवली. तरुण माझ्याकडे बघू लागला.

मला पुढच्या महिन्यात तपासणीला जायचंय. काय निघेल ते ठाऊक नाही. रोज सकाळी मान चाचपतो. सरांनी तो शब्द मागे घेतलेला नाही आणि मी तो विसरलेलो नाही.

मी सरांच्या डोळ्यांत बघितलं आणि नकारार्थी मान हलवली. ओठ हलवले. सुमननं आता अजिबात न कापता म्हटलं, "सर, अजून चढवा."

सर चढले. जाईबाई टेबलाच्या कडेवर बोटांनी ठेका धरून उभी होती. मी हात वर केला, एक वार, दोन वार, आणि बोली मिटवायला तिसऱ्यांदा खाली आणलाच नाही.